ग्रँड सेंट्रल : धुराच्या बोगद्यातून निघालेले स्टेशन



मोठ्या शहरातल्या मोठ्या रेल्वे स्टेशनाविषयी बोलावयाचे म्हटले की वक्ते बहुधा घुमटापासून सुरुवात करतात. आपले बोरीबंदरच घ्या. कोणीही उठतो, फ्रेडरिक स्टीव्हन्सचे नाव घेतो, दगडात कोरलेले मोर आणि माकडे दाखवितो, १८८८ साली इमारत पुरी झाली असे सांगतो आणि खाली बसतो. रूळ कोठून आले, सांधे कसे बसविले, गाड्या चालू असताना काम कोणी केले, याची विचारपूस करणारा विरळाच. आम्ही आजच्या व्याख्यानासाठी न्यूयॉर्कचे ग्रँड सेंट्रल टर्मिनल निवडले आहे. तिथले निळसर छत, त्यावरचे सोनेरी तारे, मधोमध असलेले चार तोंडांचे घड्याळ यांची छायाचित्रे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असतील. ते सारे सुंदर आहे यात वाद नाही. परंतु ग्रँड सेंट्रल म्हणजे मुख्यत्वेकरून जमिनीखाली पुरलेले एक दुमजली यार्ड आहे, आणि ते यार्ड जन्मले एका अपघातातून. म्हणून आमची गोष्ट छताऐवजी बोगद्यापासून सुरू होते.

बोटींच्या धंद्यातून रेल्वेच्या धंद्यात शिरलेला कॉर्नेलियस व्हँडरबिल्ट याने १८७१ साली बेचाळिसाव्या रस्त्यावर ग्रँड सेंट्रल डेपो बांधला. वाफेची इंजिने त्याच्या खाली, म्हणजे भर वस्तीत, आणू द्यावयाची नाहीत असा शहराचा हुकूम असल्यामुळे स्टेशन तिथे थांबले. त्या काळी तो शहराचा कडेचा भाग होता. पण शहर काही रेल्वेसाठी थांबत नाही. वीस-पंचवीस वर्षांत वस्ती स्टेशनाला वळसा घालून कितीतरी उत्तरेकडे गेली, आणि इंजिनांचे उघडे यार्ड, त्याचा धूर, त्याचे ठिणगे, शहराच्या ऐन पोटात येऊन पडले. पूर्व-पश्चिम जाणारे दहा-बारा रस्ते त्या यार्डाने तोडून टाकले होते. माणसांनी पुलावरून जावे, नाहीतर लांबून फेरा घ्यावा. यार्डाच्या उत्तरेला चौपदरी लोहमार्ग पार्क अव्हेन्यूच्या खालून बोगद्यात नेला होता. धूर बाहेर पडावा म्हणून वर रस्त्यात झरोके ठेवले होते. ते पुरेसे नव्हते, हे त्या बोगद्यातून रोज जाणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला ठाऊक होते.

८ जानेवारी १९०२ची सकाळ. नोकरीच्या वेळेची गर्दी. न्यू हेवन रेल्वेची एक गाडी बोगद्यात सिग्नलसाठी उभी होती. मागून न्यूयॉर्क सेंट्रल रेल्वेची व्हाइट प्लेन्सहून येणारी लोकल आली. धूर आणि वाफ यांनी बोगदा भरला होता. ड्रायव्हरला सिग्नल दिसला नाही, आणि त्याचे इंजिन उभ्या गाडीच्या शेवटच्या डब्यात घुसले. पंधरा माणसे जागच्या जागी गेली.

यानंतर जे झाले ते ऐकून आमच्यासारख्याला नवल वाटत नाही. ड्रायव्हरला अटक झाली. रेल्वे कोठलीही असो, देश कोणताही असो, अपघातानंतरचा पहिला तास ड्रायव्हरला नाहीतर सिग्नलवाल्याला पकडण्यात जातो. आम्ही तीस वर्षे अशा चौकशांच्या खोल्यांबाहेर बाकांवर बसलेलो आहोत. आत काय विचारतात ते आम्हांस पाठ आहे : तुम्ही सिग्नल पाहिला की नाही? सिग्नल दिसण्याजोगा होता का, हा प्रश्न फार उशिरा विचारला जातो, आणि तोही कोणीतरी आग्रह धरला तर. न्यूयॉर्कात मात्र तो वेळेवर विचारला गेला. मृत्यूंची चौकशी करणाऱ्या ज्यूरीने ड्रायव्हरला दोषमुक्त केले आणि ठपका रेल्वेच्या व्यवस्थापनावर ठेवला. बोगदा धुराने भरतो हे वर्षानुवर्षे माहीत असून त्यावर उपाय केला नाही, हा तो ठपका. पुढे १९०३ साली न्यूयॉर्क राज्याच्या विधिमंडळाने कायदा केला की १ जुलै १९०८पासून हार्लेम नदीच्या दक्षिणेस, म्हणजे मॅनहॅटन बेटावर, वाफेचे इंजिन चालवावयाचे नाही. पाच वर्षांची मुदत. आमच्या मते ग्रँड सेंट्रलचा खरा पाया त्या ज्यूरीच्या निकालात आहे. ड्रायव्हरला शिक्षा देऊन प्रकरण मिटले असते, तर धूरही राहिला असता आणि जुने स्टेशनही.

आता या गोष्टीतल्या मुख्य माणसाकडे वळू. विल्यम विल्गस हा १८६५ साली बफेलो गावी जन्मला. त्याने इंजिनिअरिंगचे कॉलेज पाहिले नाही. गावातल्या एका इंजिनिअरच्या हाताखाली दोन वर्षे उमेदवारी केली, कॉर्नेल विद्यापीठाचा नकाशे काढण्याचा अभ्यासक्रम टपालाने पुरा केला, आणि रेल्वेत मोजणीची काठी धरणारा पोऱ्या म्हणून तो कामाला लागला. तेथून चढत चढत १८९९ साली तो न्यूयॉर्क सेंट्रलचा मुख्य इंजिनिअर झाला. ज्यांनी रात्रीच्या शाळेत आणि सार्वजनिक वाचनालयात आपले शिक्षण केले, त्यांना हा मनुष्य जवळचा वाटल्यावाचून राहात नाही. आम्हांस तर तो फारच जवळचा वाटतो, आणि त्यामुळे त्याची थोडी जास्त तरफदारी आमच्याकडून झाली तर श्रोत्यांनी ती वजा करून घ्यावी.

अपघाताच्याच वर्षी, १९०२च्या डिसेंबरात, त्याने कंपनीच्या अध्यक्षांना एक लांब पत्र लिहून आपली योजना मांडली. तिची कडी अशी जोडलेली आहे. इंजिन वाफेचे असेल तर यार्डाला उघडे आकाश हवे, कारण धूर जावयास जागा पाहिजे. इंजिन विजेचे केले की धूर संपला. धूर संपला की यार्डावर झाकण घालता येते. झाकण घालता येते तर यार्ड जमिनीत खोल नेता येते, आणि एकाखाली एक असे दोन मजले करता येतात : वरचा लांब पल्ल्याच्या गाड्यांना, खालचा उपनगरी गाड्यांना. आणि शेवटची कडी सर्वांत नामी आहे. झाकणावर रस्ते आणि इमारती उभारता येतात, त्यांचे भाडे रेल्वेला मिळते, आणि त्या भाड्यातून सगळ्या खर्चाची भरपाई व्हावयाची. रेल्वेजवळ जमीन होती आणि त्या जमिनीवरची हवाही होती. हवा भाड्याने देता येते ही गोष्ट या मोजणी-काठीवाल्याच्या ध्यानात आली. अमेरिकेत त्याला एअर राइट्स म्हणतात. आपल्याकडे वाशी आणि बेलापूरच्या स्टेशनांवर ज्या कचेऱ्यांच्या इमारती बसविल्या, त्या याच विचाराच्या.

विजेविषयी दोन शब्द सांगावयास हवेत, कारण मुंबईकरांचा त्याच्याशी रोजचा संबंध आहे. उपनगरी गाडीला एक मोठे इंजिन जोडण्याऐवजी निरनिराळ्या डब्यांखाली मोटारी बसवाव्यात आणि त्या सर्व एकाच ठिकाणाहून एका हाताने चालवाव्यात, ही युक्ती फ्रँक स्प्रेग या अमेरिकन विद्युत्तज्ज्ञाने शिकागोच्या उन्नत रेल्वेवर १८९७-९८ साली सिद्ध केली होती. अशा गाडीला इंजिन सोडून, वळवून, पुन्हा दुसऱ्या टोकाला जोडण्याची कटकट नसते. ड्रायव्हर चालत मागच्या केबिनमध्ये गेला की गाडी उलट निघाली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला अशी विजेची गाडी सुरू झाली ती ह्याच पद्धतीची, आणि आज आपण लोंबकळत प्रवास करतो ती लोकलही त्याच कुळातली. हाच स्प्रेग ग्रँड सेंट्रलच्या कामात विल्गसच्या जोडीला होता. दोघांनी मिळून वीज पुरविणारा तिसरा रूळ वेगळ्या तऱ्हेने बसविला. नेहमीच्या पद्धतीत गाडीचा पत्रा तिसऱ्या रुळाच्या माथ्यावरून घसरतो, त्यामुळे माथा उघडा राहतो. या दोघांनी पत्रा रुळाच्या खालच्या अंगाला लावला आणि वरून व बाजूंनी लाकडी आच्छादन घातले. बर्फ साचत नाही, हा एक लाभ. दुसरा लाभ असा की रुळांवर काम करणाऱ्या गँगमनचा पाय चुकून त्यावर पडला तर तो लाकडावर पडतो. इतिहासाच्या पुस्तकांत बर्फाचा उल्लेख आधी येतो. आम्ही क्रम उलटा लावला असता.

१९०३च्या उन्हाळ्यात खोदाई सुरू झाली. आधी सुमारे सतरा एकरांवरील घरे पाडली : एकशेवीस घरे, तीन चर्च, दोन इस्पितळे आणि एक अनाथालय. मग प्रश्न असा आला की स्टेशन बंद ठेवता येत नाही. रोज शेकडो गाड्या आणि हजारो माणसे येत-जात असताना त्यांच्या पायाखालची जमीन काढून घ्यावयाची होती. विल्गसने यार्डाच्या उत्तर-दक्षिण लांब पट्ट्या पाडल्या आणि पूर्वेच्या, म्हणजे लेक्सिंग्टन अव्हेन्यूच्या कडेपासून एकेक पट्टी खाण्यास सुरुवात केली. एक पट्टी खणली, तळ गाठला, पोलादी सांगाडा उभारला, नवे रूळ घातले, वीज जोडली, की गाड्या त्या खालच्या नव्या रुळांवर वळवावयाच्या, आणि मोकळे झालेले जुने रूळ उखडून पुढच्या पट्टीला हात घालावयाचा. भाकरी एका कडेने कुरतडत जावी तसे ते यार्ड दहा वर्षे पश्चिमेकडे कुरतडले गेले. मध्यंतरी उपनगरी प्रवाशांसाठी शेजारच्या ग्रँड सेंट्रल पॅलेस नावाच्या इमारतीच्या तळमजल्यावर तात्पुरते स्टेशन थाटले होते.

हे कागदावर सोपे दिसते. ज्याने चालू लाइनवर काम केले आहे त्याला विचारा. मॅनहॅटनचा खडक अभ्रकाचा, थरांचा, कठीण. तो सुरुंगाने फोडावयाचा, आणि सुरुंगाच्या पल्ल्यात प्रवासी गाड्या ये-जा करीत आहेत. सरासरी पंचेचाळीस फूट खोल असे हे खणणे. माती आणि दगड मिळून बत्तीस लाख घनयार्ड बाहेर काढले गेले. रोजचा हिशोब सुमारे हजार घनयार्डांचा होता, आणि तो राडारोडा त्याच रेल्वेने बाहेर न्यावयाचा, म्हणजे प्रवासी गाड्यांच्या मधल्या फटीतून त्यालाही वाट काढून द्यावयाची. जुन्या स्टेशनावर काचेचे आणि लोखंडाचे अवाढव्य छप्पर होते. ते उतरविताना खालून गाड्या चालूच होत्या. म्हणून चाकांवर सरकणारा मचाण उभारला आणि छप्पर तुकड्या-तुकड्यांनी खाली घेतले. प्रवाशांच्या डोक्यावर काच पडू नये याची काळजी ज्यांनी वाहिली ते मचाणावरचे लोक होते. कामाच्या भरात दहा हजारांच्या घरात मजूर तिथे राबत होते. त्यांनी सुमारे १,१८,६०० टन पोलाद बसविले आणि तेहेतीस मैलांचे रूळ घातले. या टनांचा हिशोब शेकड्यापर्यंत छापून ठेवलेला आहे. रेल्वे कंपन्या पोलाद फार बारकाईने मोजतात.

वरच्या इमारतींचे खांब कोठे टेकवावयाचे, हा ह्या कामातला अतिशय अवघड भाग. खांब खाली खडकापर्यंत गेला पाहिजे, वाटेत दोन मजल्यांवरील रुळांच्या मधूनच गेला पाहिजे, आणि वरच्या व खालच्या मजल्यांवरील रूळ तर एकमेकांच्या बरोबर माथ्यावर नाहीत. शिवाय गाडीचा हादरा खांबातून वर चढता कामा नये, नाहीतर हॉटेलातल्या गिऱ्हाइकाचा पेला खडखडू लागायचा. म्हणून इमारतींचे खांब रुळांच्या सांगाड्यापासून अलग ठेवले गेले. आज पार्क अव्हेन्यूवरून चालणाऱ्याला आपण एका पुलावरून चालत आहोत याची गंधवार्ताही नसते. १९३१ साली उघडलेले वॉल्डॉर्फ-अस्टोरियासारखे अजस्र हॉटेलसुद्धा अशाच रुळांवर उभे आहे.

पहिली विजेची गाडी १९०६च्या सप्टेंबरअखेर विल्गसच्या देखत ग्रँड सेंट्रलमध्ये आली. कायद्याच्या मुदतीला अजून पावणेदोन वर्षे होती. आनंद साडेचार महिने टिकला. १६ फेब्रुवारी १९०७ रोजी व्हाइट प्लेन्सकडे जाणारी, दोन विजेची इंजिने लावलेली एक्स्प्रेस ब्राँक्समध्ये वुडलॉनजवळच्या वळणावर रुळांवरून घसरली. वीसहून अधिक माणसे मेली. नव्या इंजिनांच्या दोन्ही टोकांना एकेकच आसाची मार्गदर्शक चाके होती. वळणावर जड इंजिन रुळांना बाहेर ढकलीत होते. नंतर त्या सर्व इंजिनांना दोन आसांच्या बोग्या बसविण्यात आल्या. म्हणजे दोष कोठे होता हे कंपनीने तोंडाने नव्हे, कारखान्यात कबूल केले. परंतु या प्रकरणावरून विल्गस आणि वरिष्ठ यांच्यात जे बिनसले ते मिटले नाही, आणि त्याच वर्षी त्याने राजीनामा दिला. तो ज्या यार्डाचा जनक, ते यार्ड तेव्हा निम्मेही झाले नव्हते. पाच वर्षांपूर्वी बोगद्यातल्या ड्रायव्हरच्या माथी जे यावयाचे होते, ते वेगळ्या रूपात मुख्य इंजिनिअरच्या वाट्याला आले, असे आम्हांस दिसते. काठी धरणारा पोऱ्या उपाध्यक्षाच्या खुर्चीपर्यंत चढू शकतो. पण चूक वाटावयाची वेळ आली की ती खुर्ची दारापासून किती जवळ आहे ते कळते.

आणखी एक अपघात सांगून हा भाग आटोपतो. १९ डिसेंबर १९१० रोजी यार्डात एका रिकाम्या गाडीने धडक देऊन गॅसची नळी फोडली. डब्यांतले दिवे अजून गॅसचे होते, त्यासाठी ती नळी. गॅस पसरला, विजेच्या ठिणगीने पेटला आणि स्फोट झाला. दहा माणसे मेली, शंभरावर जखमी झाली. जुने युग निघाले नव्हते आणि नवे येऊन बसले होते. दोघांची गाठ अशी पडली.

वास्तुशिल्पज्ञांचे भांडण फार रंगवून सांगतात, आम्ही ते लवकर उरकतो. स्पर्धा जिंकली सेंट पॉल गावच्या रीड आणि स्टेम यांनी. रीड हा विल्गसचा मेव्हणा. मग वॉरन आणि वेटमोर ही न्यूयॉर्कची मंडळी त्यांच्या जोडीला घातली. वॉरन हा व्हँडरबिल्टांचा नातलग. म्हणजे वशिला दोन्हीकडे होता. १९११ साली रीड वारला तेव्हा वॉरनने परस्पर नवा करार करून घेतला. पुढे कोर्टकज्जा झाला, रीड-स्टेम पक्ष जिंकला, आणि वॉरनला वास्तुशिल्पज्ञांच्या संस्थेने काढून टाकले. दर्शनी भागाची शोभा वॉरनची. पण स्टेशन चालते ते रीडच्या कल्पनेवर, आणि ती कल्पना म्हणजे उतरण. रस्त्यापासून दालनापर्यंत, दालनापासून फलाटापर्यंत, वरच्या मजल्यापासून खालच्या मजल्यापर्यंत, जिथे जमेल तिथे जिन्याऐवजी सौम्य उतार. सामान घेतलेल्या माणसाला, पोर कडेवर घेतलेल्या बाईला कोणता उतार झेपतो हे पाहण्यासाठी कामाच्या जागी निरनिराळ्या चढांच्या नमुन्याच्या उतरणी बांधून लोकांना त्यावरून चालविले होते. ज्या कोणाला दादरच्या पुलावर संध्याकाळी सहा वाजता वळकटी घेऊन चढण्याचा प्रसंग आला आहे, त्याला या प्रयोगाचे मोल सांगावयास नको. गाड्यांसाठीही अशीच सोय केली : फलाटांच्या टोकाला वळणाचे रूळ घातले, त्यामुळे रिकामी गाडी मागे न ढकलता तशीच फिरून यार्डात जाई.

२ फेब्रुवारी १९१३ रोजी, मध्यरात्र उलटताच, नवे स्टेशन उघडले. त्या दिवशी दीड लाख लोक ते पाहून गेले. चव्वेचाळीस फलाट, सदुसष्ट रूळ, एकंदर खर्च सुमारे आठ कोटी डॉलर. छतावरचे तारे उलटे काढले गेले आहेत, पूर्वेचे पश्चिमेला, हे थोड्याच दिवसांत रोजच्या एका प्रवाशाने दाखवून दिले. ते आजही तसेच आहेत. दर्शनी भागावर बुध, मिनर्व्हा आणि हर्क्युलीस ही देवमंडळी बसली आहेत, आणि त्यांच्या पायाशी कमोडोर व्हँडरबिल्टचा पुतळा आहे. व्हँडरबिल्ट १८७७ साली वारला, म्हणजे पहिली कुदळ पडण्याच्या सव्वीस वर्षे आधी. बळाचे काम केलेल्यांपैकी दर्शनी भागावर जागा मिळाली ती एकट्या हर्क्युलीसला.

विल्गसने भाड्याने द्यावयास काढलेल्या हवेने पुढे वेगळेच वळण घेतले. दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारी आणि विमाने यांनी रेल्वेचे उत्पन्न खाल्ले. कंपनी डबघाईला आली, आणि उरलेली हवा विकण्यावाचून तिला दुसरे काही सुचेना. १९६३ साली स्टेशनाच्या पाठीशी पॅन-ॲमचा मनोरा उभा राहिला. त्यावरही भागेना, तेव्हा खुद्द स्टेशनाच्या माथ्यावर पंचावन्न मजले चढविण्याचा नकाशा मार्सेल ब्रॉयर या वास्तुशिल्पज्ञाकडून करवून घेतला. पण १९६७ साली शहराने स्टेशन संरक्षित ठरविले होते. शहराने परवानगी नाकारली, कंपनी कोर्टात गेली, आणि १९७८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी शहराचा पक्ष उचलून धरला. ज्या युक्तीने स्टेशन बांधले गेले, तीच युक्ती त्याच्या गळ्याशी आली होती.

खोदाई मात्र संपली नाही. २५ जानेवारी २०२३ रोजी जुन्या दोन मजल्यांच्याही खाली, रस्त्यापासून शंभर फुटांहून अधिक खोल, लाँग आयलंड रेल्वेसाठी नवे स्टेशन उघडले. त्याला ग्रँड सेंट्रल मॅडिसन म्हणतात. आठ रूळ, आणि खर्च अकरा अब्ज डॉलरांच्या वर. तिथेही खडक तोच आणि वर गाड्या चालू ठेवण्याची अटही तीच. दोन्ही स्टेशनांतल्या उपनगरी गाड्या स्प्रेगच्याच पद्धतीच्या आहेत. फरक तिसऱ्या रुळात आहे. लाँग आयलंड रेल्वेची गाडी वीज घेते ती रुळाच्या माथ्यावरून, जुन्या रिवाजाप्रमाणे. वरच्या दोन मजल्यांवर मात्र अजून विल्गस आणि स्प्रेग यांचाच रूळ आहे. पत्रा खालून लागतो, आणि माथ्यावर आच्छादन असते.